लामा नावाचा रोग

“हे तू एकेक अक्षर सुटं वाचतोस, की सलग?”

खानापूरकर सरांचं बोट पुस्तिकेच्या बासष्टाव्या पानावर होतं.

“कोणतं, सर?”

“एल, ए, एम, ए.”

“सलग. लामा.”

“आणि त्याच्या वरचं? आय, सी, यू?”

“ते सुटं. आय-सी-यू.”

“असं का?”

ओजस भिरूड खुर्चीत जरा पुढे सरकला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

तो मेडिसिनच्या एमडीला शेवटच्या वर्षाला होता. डोंगराखालच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नवीन मुलांना वॉर्डातले शॉर्टफॉर्म कळत नाहीत, म्हणून त्यानं सहाशे शॉर्टफॉर्मची ही खिशात मावणारी पुस्तिका काढली होती. पहिल्या पानावर सरांचं नाव होतं, अर्पण म्हणून.

सर एकेकाळी त्याच रुग्णालयात मेडिसिनचे प्राध्यापक होते. निवृत्त झाले आणि अक्राणीच्या डोंगरात येऊन राहिले. बोरीपाड्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. कुडाच्या भिंती, वर पत्रे. एक टेबल, एक बाक, तपासायची एक खाट.

“प्रस्तावनेत दिलंय, सर,” ओजस म्हणाला. “इंग्रजीत चार-पाच शब्दांचं लांबलचक नाव असलं, की प्रत्येकाचं पहिलं अक्षर उचलतात. उचललेली अक्षरं जिभेवर शब्दासारखी बसली, तर शब्द म्हणूनच वाचतात. एड्स. लामा. खरं ॲक्रोनिम ते. नाही बसली, तर सुटी वाचायची. ओपीडी, आयसीयू.”

“म्हणजे तोंडाला सोपं जाईल तसं.”

“हो. आणि एखादा फारच रुळला, की तो शॉर्टफॉर्म होता हेच लोक विसरतात. रडार घ्या, लेझर घ्या. मुळात ही आद्याक्षरं आहेत. आता कोणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही.”

“मागचे शब्द पुसले जातात.”

“पूर्ण पुसले जातात, सर. तेच त्याचं यश.”

सरांनी पान उलटलं. पुन्हा मागे आणलं.

“लिहायचे नियमही दिलेत तू.”

“हो. पहिल्यांदा लिहिताना नाव पूर्ण लिहायचं आणि कंसात शॉर्टफॉर्म द्यायचा. पुढे नुसता शॉर्टफॉर्म चालतो. वाचणारा अनोळखी असू शकतो, म्हणून.”

“केस पेपरवर लिहितोस पूर्ण?”

“तिथं कशाला? तिथं वाचणारे सगळे आपलेच.”

सरांनी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. आत बाकावर एक बाई ताप आलेलं मूल घेऊन बसली होती. तिला सरांनी मघाशीच औषध दिलं होतं, पण ऊन उतरेपर्यंत तिला निघायचं नव्हतं.

“मी तुला निरोप कधी पाठवला?” सरांनी विचारलं.

“आठवडा झाला असेल.”

“नऊ दिवस झाले. लगेच ये म्हणून सांगितलं होतं.”

“पुस्तिका छापून यायची होती, सर. म्हटलं, हातात घेऊनच जावं.”

सरांनी मान हलवली. रागाचं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. ओजसला वाटलं, आता ते पुस्तिकेबद्दल बोलतील.

“येताना फाटकापाशी कोणी बसलेलं दिसलं?”

“होता एक जण. पेशंट असेल.”

“ओळखलंस?”

“मी? नाही.”

“तो आत येत नाही. बाकावर बसत नाही. मडक्यातलं पाणी घेत नाही. सांगून सांगून दमलो. इथं येणाऱ्या बायका-पोरांना आपल्यापासून काही होऊ नये, म्हणून तो त्या कुंपणाला टेकून बसतो.”

“टीबी आहे का?”

“नाही. तो ठणठणीत आहे.”

सरांनी खण उघडला. बियाण्याची एक प्लास्टिक पिशवी काढली, आत घडी केलेला एक कागद होता. पिशवी तशीच हातात धरली.

“जामसिंग पावरा त्याचं नाव. पलीकडच्या पाड्यावरचा. बायको बाळंत झाली, पाचव्या दिवशी ताप आला, दम लागला. यानं आणि याच्या भावानं झोळी करून तिला खाली रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं तुमच्या रुग्णालयात. चार दिवस ती तिथं होती. पाचव्या दिवशी हे तिला परत घेऊन निघाले. चढावर, झोळीतच, ती गेली.”

ओजस ऐकत होता.

“निघताना यानं वॉर्डात कोणाला तरी विचारलं, हिला झालंय काय. त्या माणसानं कागद बघितला आणि म्हणाला, लामा.”

ओजसनं पुस्तिकेकडे बघितलं.

“हा तेवढा एक शब्द घेऊन डोंगर चढला. पाड्यावर विचारलं लोकांनी, कशानं गेली. म्हणाला, लामानं.”

ओजस खुर्चीत मागे टेकला.

“पाड्यानं तो रोग कधी ऐकला नव्हता. ऐकला नव्हता म्हणून जास्त घाबरले. यानं तिची गोधडी जाळली, लुगडी जाळली. तिच्याजवळ चार दिवस हाच होता, म्हणजे आता याच्याही अंगात असणार. तीन पोरं बहिणीकडे दिली. धाकटं तेव्हा दहा दिवसांचं. आणि हा शेतातल्या खोपीत राहायला गेला. बहीण अंगणात भाकरी ठेवून जाते, ती गेल्यावर हा येऊन उचलतो.”

“सर, पण तुम्ही त्याला सांगितलं नाही?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, असा रोग नाही. त्यानं माझा हात बाजूला केला. म्हणाला, तू म्हातारा आहेस, तू चांगला आहेस, पण तू लिहिलं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं सांगू दे.”

सरांनी कागद पिशवीतून काढला. उलगडून टेबलावर ठेवला आणि ओजसकडे फिरवला.

डिस्चार्ज कार्ड होतं. वर नावाची ओळ घडीत पुसली होती, वय वाचता येत होतं, सव्वीस. खाली आठ ओळी, तिरप्या, घाईच्या. त्यात पूर्ण शब्द असा एकही नव्हता. शेवटी चार मोठी अक्षरं, त्याखाली रेघ, एक निळा अंगठा आणि एक सही.

सही त्याची होती.

बाकावरचं मूल कण्हलं, आईनं त्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“आठवलं?” सरांनी विचारलं.

“बेड सतरा,” ओजस म्हणाला. “न्यूमोनिया. दोन्ही बाजूंनी.”

“हं. आता हा शब्द मला फोडून सांग. एकेक अक्षर. एल.”

“लीव्ह. निघून जाणं.”

“ए.”

“अगेन्स्ट. विरुद्ध.”

“एम.”

“मेडिकल. वैद्यकीय.”

“शेवटचा ए.”

“ॲडव्हाइस. सल्ला.”

“काय सल्ला दिला होतास तू?”

ओजस पुन्हा कार्ड वाचायला लागला.

“तो म्हणाला, आम्ही नेतो?”

“...नाही.”

“मग कोण म्हणालं?”

“सर, व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. तिची अवस्था...”

“कोण म्हणालं, ओजस?”

“मी.”

“काय म्हणालास? शब्द सांग.”

“म्हणालो, इथं आता काही होणार नाही. घरी घेऊन जा. इथं अंगठा कर.”

“खरं होतं ते? काही होणार नव्हतं?”

ओजस टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

“व्हेंटिलेटर दुसऱ्या दिवशी मोकळा होणार होता,” तो म्हणाला. “तोवर ऑक्सिजनवर ओढता आलं असतं. कदाचित.”

“मग घाई कसली होती?”

“ती बाळंतीण होती, सर. वॉर्डात गेली असती, तर मातामृत्यू. मग समिती, चौकशी, प्रत्येक कागद बाहेर. त्या महिन्यात आमच्या युनिटला दोन आधीच झाले होते. तिसरा झाला असता तर...” तो थांबला. “लामा झाली, की मृत्यू आपल्या नावावर लागत नाही.”

“कोणाच्या नावावर लागतो?”

ओजसनं एकदम मान वर केली. चेहरा लाल झाला होता.

“हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या वॉर्डात ऐकला, सर. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो. राउंडवर तुम्हीच म्हणालात, बेड नऊ लामा करा. तो माणूस हात जोडून उभा होता.”

“हो,” सर म्हणाले.

“तुम्हीही लिहीत होतात.”

“खूप वेळा. म्हणूनच तुझा कागद मला वाचता आला.”

ओजसचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

सर उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि फाटकाकडे बघत त्यांनी हाक मारली.

“जामसिंग. तो आला आहे. ज्यानं लिहिलं तो.”

फाटकापाशी बसलेला माणूस उभा राहिला. तिशीचा असेल. काळा, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात मळका सदरा. तो अंगणात दहा पावलं आत आला आणि तिथंच थांबला.

“जा,” सर ओजसला म्हणाले.

“तुम्ही येता ना?”

“मी लिहिलं नाही.”

ओजस पायरी उतरून अंगणात गेला. तो जवळ जायला लागला तसा जामसिंग दोन पावलं मागे सरला आणि त्यानं हातानं थांबवलं.

“तिथूनच बोल,” तो म्हणाला. त्याचं मराठी बाजारातलं होतं, त्यात सगळ्यांना तू. “तुला नको लागायला.”

ओजस उभा राहिला.

“जामसिंग, लामा हा रोग नाही.”

“तू लिहिलं ना?”

“हो, मी लिहिलं. पण तो रोग नाही. तो शॉर्टफॉर्म आहे. म्हणजे इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं...”

जामसिंग लक्ष देऊन ऐकत होता.

“तो लागतो का?” त्यानं विचारलं.

ओजसनं मागे वळून बघितलं. सर दारात उभे होते, चौकटीला हात लावून. ते मदतीला येणार नव्हते.

“लागत नाही,” ओजस म्हणाला. “ती नुसती अक्षरं आहेत. डॉक्टर सांगतो पेशंटला नेऊ नका, आणि तरी माणूस घेऊन जातो, तेव्हा आम्ही ती लिहितो. डॉक्टरचं ऐकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

जामसिंगच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी चुकतंय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो भांडायला उभा नव्हता. चूक दुरुस्त करावी, तसा तो हळू बोलला.

“मी ऐकलं. तू बाहेर बस म्हणालास, मी बाहेर बसलो. गोळी आण म्हणालास, आणली. इथं अंगठा कर म्हणालास, केला. ने म्हणालास, नेली.”

“हो.”

“मी तुझं सगळं ऐकलं.”

“...हो.”

“मग तसं का लिहिलं?”

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. ओजस तिच्याकडे बघत राहिला आणि मग बघायचा थांबला.

“मी खोटं लिहिलं,” तो म्हणाला. “तू ऐकलंस. चूक तुझी नव्हती. ती रुग्णालयात मेली असती, तर मला जाब विचारला असता. तो विचारू नये, म्हणून तुला न्यायला लावली. आणि कागदावर तुझं नाव घातलं, तू नेली म्हणून.”

जामसिंगनं हे मनातल्या मनात आपल्या पावरी बोलीत लावून बघितलं असावं. त्याला वेळ लागला.

“तिला काय झालं होतं?”

“छातीत सूज होती. फुप्फुसं भरली होती. त्याला न्यूमोनिया म्हणतात.”

“त्याला औषध आहे?”

“आहे. चालू होतं.”

“ठेवली असती, तर जगली असती?”

ओजसला ‘कदाचित’ म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडातून बाहेर आलं नाही. त्यानं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं उघडी. मग एकेक करत सहा मिटली.

“अशा दहा बायका असत्या, तर एवढ्या जगल्या असत्या.”

जामसिंग त्या उरलेल्या चार बोटांकडे बघत राहिला. एक, दोन असं मोजल्यासारखं नाही. चार बायका तिथं उभ्या आहेत आणि त्यातली एक ओळखीची आहे का, असं बघत असल्यासारखं.

ओजसला हात खाली घेता येईना.

“आणि झोळीत?” जामसिंगनं विचारलं.

ओजसनं चारही बोटं मिटली.

वाऱ्यानं छपराचा एक पत्रा वाजला. सर दारातून हलले नव्हते. बाकावरची बाई मुलाला घेऊन त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

जामसिंग खाली बसला. उकिडवा. दोन्ही तळहात त्यानं जमिनीवर टेकवले आणि तसाच राहिला. रडला नाही. ओजसला वाटलं, आता हा उठेल आणि आपल्याला मारेल. त्यानं मनात तयारीही केली. मारलं तर हात वर करायचा नाही, एवढं त्यानं ठरवलं.

जामसिंग उठला.

“मग पोरांना काही होणार नाही?”

“नाही.”

“माझ्यात काही नाही?”

“काही नाही. कधीच नव्हतं.”

“हात लावू त्यांना?”

“लाव.”

“धाकटीलापण? ती अजून एवढीशी आहे.”

“धाकटीलापण लाव.”

जामसिंग पुढे आला. ओजसच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर. त्यानं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, हा माणूस पुन्हा खोटं बोलत नाही ना, एवढंच बघायला. मग तो वळला. फाटकातून बाहेर पडला आणि पाड्याच्या वाटेला लागला. सुरुवातीला चालत होता. वळणाच्या अलीकडे पळायला लागला. दरडीच्या आड जाईपर्यंत त्यानं मागे बघितलं नाही.

ओजस अंगणातच उभा होता. सर आत गेले, तेव्हा तोही आत आला.

टेबलावर त्यांनी चार कोरे कागद आणि पेन ठेवलं होतं.

“कोणाला लिहायचं?” ओजसनं विचारलं.

“ज्या समितीला टाळलंस, तिला.”

“सर... हे दिलं तर माझी परीक्षा राहील. कदाचित नोंदणीही जाईल.”

“जाईल.”

“आमचे हेडही अडकतील. महिन्याच्या बैठकीत तेच सांगत होते, आकडा वाढू देऊ नका.”

“तेही लिही.”

“आणि तुम्ही?”

सरांनी खणातून आणखी एक कागद काढून दाखवला. तो दोन्ही बाजूंनी भरलेला होता. बारीक, थरथरत्या अक्षरात.

“माझं नऊ दिवस चाललंय,” ते म्हणाले. “लामा केलेले सगळे आठवत नाहीत.”

ओजस लिहायला बसला. पहिल्या ओळीत त्यानं सवयीनं पी आणि टी लिहिलं, पेशंटचा शॉर्टफॉर्म. थांबला. खोडलं.

“सर, तिचं नाव काय होतं?”

“रुमली.”

त्यानं रुमली जामसिंग पावरा असं लिहिलं. पुढे गेला. सोपं नव्हतं. दर ओळीला हात आपोआप दोन-तीन अक्षरांकडे वळायचा आणि तो परत मागे यायचा. ताप किती होता, श्वास किती होता, कोणत्या वेळी आपण खाटेजवळ गेलो, काय म्हणालो. आपण तिच्याशी काहीच बोललो नव्हतो, हेही लिहिताना लक्षात आलं. तिनं एकदा पाणी मागितलं होतं. ते त्यानं लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

दोन पानं झाली तेव्हा दुपार कलली होती. बाकावरची बाई मूल घेऊन निघून गेली होती. त्यानं खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद सरांपुढे सरकवले.

सरांनी सावकाश वाचले. काही दुरुस्त केलं नाही.

चारच्या एसटीला अजून अर्धा तास होता. ओजसनं पिशवी खांद्याला लावली, पण तो निघेना. दाराशी जाऊन तो पाड्याच्या वाटेकडे बघत राहिला. वाट रिकामी होती.

“सर.”

“हं.”

“त्यानं मला काहीच म्हटलं नाही. एक शिवीसुद्धा दिली नाही. मारलं असतं, तरी मी गप्प उभा राहिलो असतो. मी तयार होतो.”

सर कागदांची घडी घालत होते.

“माफ केलं, असंही म्हणाला नाही. माझ्यावर थुंकलाही नाही. नुसता निघून गेला... असं का केलं त्यानं?”

सरांनी घडी पूर्ण केली. पाकिटात घातली.

“तो घाईत होता,” ते म्हणाले. “धाकटीला त्यानं अकरा दिवसांत उचललं नव्हतं.”